टॅबवर रफ, लॅपटॉपवर फेअर

जुलै उजाडला की एमएस्सीला नव्याने ॲडमिशन झालेली मुलं भेटायला येतात, सिलॅबस, होस्टेल, मेस हे सगळं विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ताई, टॅब घेऊ का? की लॅपटॉपवरच नोट्स काढू? लॅपटॉप बहुतेकांना बीएस्सीला असतानाच घरच्यांनी घेऊन दिलेला असतो, आता परत एक महागडी वस्तू मागायची तर घरी काय सांगायचं ही त्यामागची खरी अडचण. मी गणितात एमएस्सी केलं, सध्या पुण्यातच पीएचडीचं कोर्सवर्क चालू आहे आणि सोबत एमएस्सीच्या मुलांचे ट्युटोरियल घेते, म्हणजे बाकावर बसून नोट्स काढायच्या आणि फळ्यासमोर उभं राहून मुलं कशा नोट्स काढतायत ते बघायचं, दोन्ही रोजचं झालंय. त्यामुळे या विषयावर माझं मत चांगलंच ठाम झालंय, ते एकदा नीट लिहून काढते म्हणजे पुढच्या जुलैला लिंक पाठवता येईल.

मत असं की टॅब वर्गात वापरायचा आणि लॅपटॉप संध्याकाळी. वर्गात होतं ते रफ, संध्याकाळी होतं ते फेअर, आणि पीजीचा (पदव्युत्तर) अभ्यास जो काही होतो तो या फेअर करण्यात होतो. त्या संध्याकाळच्या तासाला वेळ देणार नसाल तर कुठलंही यंत्र घ्या, काही फरक पडणार नाही.

आधी हे टॅब आपल्या वर्गांत आले कुठून ते सांगते, कारण मी बीएस्सीला होते तेव्हा कुणाकडेही नव्हते. मार्च २०२० ला सगळं बंद झालं आणि गणिताच्या शिक्षकांची फार पंचाईत झाली, इतिहासाचे सर बोलून शिकवू शकतात, गणिताला फळा लागतो. मग कुणी डब्यांच्या चळतीवर मोबाईल उलटा ठेवून खाली कागदावर लिहायला लागलं, कुणी यूएसबीला जोडायची ती काळी पाटी घेतली जिच्यावर लिहिताना हात खाली असतो आणि डोळे समोरच्या स्क्रीनवर, ते जमायला वेळ लागतो, पण आमच्या सरांनी साठीच्या जवळ असताना ते शिकून घेतलं याचं मला आजही अपार कौतुक आहे. लेक्चर संपलं की त्या लिखाणाची पीडीएफ ग्रुपवर यायची. त्या दोन वर्षांत आम्हाला पहिल्यांदा कळलं की हाताने लिहिलेलं आणि कॉम्प्युटरमध्ये असलेलं एकच असू शकतं. कॉलेजं परत उघडली तेव्हा ज्यांना परवडत होतं ते टॅब घेऊनच आले.

पेनाचं तंत्रही तोवर सुधारलं होतं. आयपॅड २०१० चा, पण ॲपलची पेन्सिल आली २०१५ च्या शेवटी आणि तीही फक्त महागड्या प्रो मॉडेलसाठी, साध्या आयपॅडवर ती चालायला २०१८ उजाडलं. सॅमसंगचं पेन वेगळ्या पद्धतीचं, त्यात लिहायला बॅटरीच लागत नाही, काचेखाली तारांची बारीक जाळी असते, तिच्या चुंबकीय क्षेत्रातून पेनाला ऊर्जा मिळते आणि पेन कुठे आहे ते टॅबला कळतं. हे सांगायचं कारण म्हणजे मुलं पैसे वाचवायला साधा टॅब घेतात आणि वर रबराच्या टोकाचा स्वस्तातला स्टायलस घेतात. तो स्टायलस म्हणजे टॅबच्या दृष्टीने बोटच असतं. त्याने अक्षर जाड येतं, तळहात टेकला की तिथेही रेघा उमटतात, हात अधांतरी धरून तासभर कोण लिहिणार? अशा टॅबपेक्षा वही शंभर पटींनी बरी. पेन टॅबसाठीच बनवलेलं आहे का आणि तळहात टेकवून लिहिता येतं का, दुकानात उभं राहून एवढं बघा, बाकी रॅम-बिम नंतर.

आता लॅपटॉप वर्गात का नको. गणितात, स्टॅटिस्टिक्समध्ये, फिजिक्समध्ये लॅपटॉपवर लिहायचं म्हणजे लेटेक, सूत्रं टाईप करून छापील पुस्तकासारखं पान तयार करायचं सॉफ्टवेअर. बेल्जियममधल्या एका गणिताच्या विद्यार्थ्याने २०१९ मध्ये तो वर्गात बसून चालू लेक्चरच्या लेटेकमध्ये नोट्स कशा काढतो ते लिहिलं होतं, ते जगभर फिरलं, आमच्या ग्रुपवरही आलं. त्याने विम नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये स्वतःचे शॉर्टकट बनवले होते, दोन-तीन अक्षरं दाबली की अख्खं सूत्र तयार, आकृत्यांसाठी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरला जोडलेली वेगळी व्यवस्था. त्याच्या नोट्स बघितल्या तर छापील पुस्तक वाटतं. ते बघून आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांनी प्रयत्न केला आणि बहुतेक सगळे दिवाळीपर्यंत वहीवर परत आले. त्या मुलाने ती व्यवस्था बनवायला घातलेली मेहनत आपल्याला दिसत नाही, दिसतो तो वेग. आणि वेग आला तरी एक गोष्ट उरतेच, की फळ्यावर सगळंच काही ओळीत येत नाही.

उदाहरण देते. मेझर थिअरीत, म्हणजे लांबी-क्षेत्रफळ मोजण्याच्या गणितात, डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स थिअरम येतो. लिमिट आणि इंटिग्रल (आलेखाखालचं क्षेत्रफळ) यांची अदलाबदल कधी करता येते ते तो सांगतो, अट अशी की सगळी फंक्शनं एकाच इंटिग्रेबल, म्हणजे मर्यादित क्षेत्रफळाच्या, फंक्शनच्या खाली दबलेली पाहिजेत. विधान टाईप करायला काहीच अडचण नाही, ते पुस्तकातही आहे. पण आमच्या मॅडमनी विधान लिहिलं आणि लगेच फळ्याच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ मारून त्यावर एक चौकोनी उंचवटा काढला, शून्य ते एकवर, मग एक ते दोनवर, मग दोन ते तीनवर, आणि खडूनेच बाण काढला उजवीकडे. प्रत्येक उंचवट्याचं क्षेत्रफळ एक. पण कुठल्याही एका बिंदूवर उभं राहून बघा, उंचवटा कधीतरी तुम्हाला ओलांडून पुढे जातो आणि नंतर तिथे कायमचा शून्य. म्हणजे लिमिट शून्य, लिमिटचं इंटिग्रल शून्य, आणि इंटिग्रलांची लिमिट एक. ती अट कशाला हवी याचं सगळं उत्तर त्या कोपऱ्यातल्या चित्रात होतं, मॅडमनी ते अर्ध्या मिनिटात काढलं आणि पुढच्या मिनिटाला पुसलं. कीबोर्डवर बसलेल्याच्या फाईलमध्ये विधान आलं, चित्र राहिलं. टॅबवाल्याने आणि वहीवाल्याने चित्र काढलं. पुढे अल्जिब्रात बाणांच्या आकृत्या येतात, टोपॉलॉजीत चौकोनाच्या समोरासमोरच्या कडा चिकटवून टॉरस, म्हणजे मेदूवड्याचा आकार, बनवतात, केमिस्ट्रीवाल्यांची तर सगळी भाषाच चित्रांची. हे सगळं हाताचंच काम आहे.

आता ते रिसर्च. कुणीतरी दर वर्षी ग्रुपवर टाकतं की सायन्सने सिद्ध केलंय, हाताने लिहिलं तर जास्त लक्षात राहतं, आणि मग त्यावर भांडणं. मी ते पेपर वाचले आहेत आणि चित्र इतकं सरळ नाहीये. पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा २०१४ चा पेपर सगळ्यात गाजलेला. लॅपटॉपवाली मुलं हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा वक्त्याचं बोलणं जास्त शब्दशः उतरवत होती, आणि माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट सारखे असले तरी समजेवर आधारलेल्या प्रश्नांत लॅपटॉपवाले मागे पडले. शब्दशः लिहू नका असं आधी सांगून बघितलं तरी ती मुलं तसंच लिहीत राहिली, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पण नंतर २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हे परत करून बघितलं, त्यात ई-रायटरवर, म्हणजे पेनाने लिहायच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर, लिहिणारा एक गट होता आणि अजिबात नोट्स न घेणाराही एक, तर गटागटांत भरवशाचा असा फरक सापडलाच नाही. २०२१ मध्ये टफ्ट्स विद्यापीठात परत तोच प्रयोग झाला, लॅपटॉपवाल्यांनी जास्त शब्द लिहिले, जास्त शब्दशः लिहिले, एवढं जुळलं, पण परीक्षेतल्या मार्कांत फरक दिसला नाही. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचा २०२४ चा पेपरही फिरतो, ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून बघितलं तर लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला संवाद टायपिंगपेक्षा बराच जास्त दिसला. त्यात ते लिखाण टचस्क्रीनवर डिजिटल पेनाने होतं, ही टॅबवाल्यांसाठी चांगली बातमी, पण टायपिंग एका बोटाने करायला लावलं होतं आणि लक्षात किती राहिलं हे तपासलंच नव्हतं. म्हणजे या पेपरवरून कुणी शिकण्याबद्दल छातीठोक बोलत असेल तर तो पेपरच्या पुढे जातोय.

आणि हे नोट्सचे प्रयोग एकेका छोट्या भाषणावरचे असतात. भाषण ऐकलं, थोड्या वेळाने प्रश्न सोडवले, झालं. पीजीचा वर्ग असा नसतोच. सोमवारी सुरू झालेली प्रूफ गुरुवारी संपते, गुरुवारचा लेमा (मोठ्या प्रूफसाठी लागणारं छोटं विधान) पुढच्या महिन्यात परत लागतो. इथे वर्गात लिहिलेलं वर्गातल्या अर्ध्या तासात किती लक्षात राहिलं याला फारसा अर्थ नाही, तीन आठवड्यांनी ते पान उघडल्यावर त्यातून परत काय उभं करता येतं याला अर्थ आहे. म्हणून मी रफ आणि फेअर म्हणते. शाळेत आपल्या सगळ्यांच्याच रफ वह्या होत्या, आणि फेअर करताना बाई ओरडायच्या की नुसतं बघून उतरवू नका. पीजीला आल्यावर कुणी ओरडत नाही म्हणून आपण ती सवय सोडून देतो, आणि टॅब आल्यापासून तर जास्तच, कारण टॅबवरचं रफच इतकं सुंदर दिसतं की फेअर कशाला करायचं असं वाटतं. निळी हेडिंग, पिवळा हायलायटर, रेघ मारली की आपोआप सरळ होते, वर्तुळ गोल होतं. पान छान दिसलं की समजल्यासारखं वाटतं. मी ट्युटोरियलला अशी पानं बघते, अप्रतिम दिसतात, आणि त्याच मुलीला पान झाकून विचारलं की ही अट कुठे वापरली तर तिला सांगता येत नाही. त्यात तिचा काही दोष नाही, तिला कुणी दुसरी पायरी सांगितलेलीच नसते.

वर्गात काय लिहायचं हे माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. पुस्तकात असलेलं विधान मी वर्गात पूर्ण लिहीतच नाही, थिअरमचा नंबर आणि पुस्तकाचं पान लिहिते. मी लिहिते ते पुस्तकात नसलेलं. इथे घाबरू नका ही फक्त ट्रायँगल इनइक्वॅलिटीच आहे, असं सर म्हणाले की ते मराठीत जसंच्या तसं. ही अट काढली तर काय कोसळतं ते. मॅडम कुठे दोन सेकंद थांबल्या आणि मागची पायरी परत तपासली, तिथे एक खूण, कारण त्यांना थांबावं लागलं म्हणजे ती जागा खरंच अवघड आहे. जिथे कळलं नाही तिथे मोठं प्रश्नचिन्ह आणि पुढे चालू, अडकून बसायचं नाही. पानाची डावीकडची एक चतुर्थांश जागा मोकळी सोडायची, ती संध्याकाळसाठी. हे काही माझं संशोधन नाही, कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांची पद्धत अशीच समास सोडायची आहे आणि ती गेल्या शतकातली आहे. रंग दोनच, काळा आणि लाल. लाल फक्त प्रश्नांना. पेनाचा रंग बदलायला टॅबवर जी टिचकी मारावी लागते ना, तेवढ्यात फळ्यावरची एक ओळ निसटते.

फळा पुसायच्या आत फोटो काढायची सवय सगळ्यांनाच आहे. माझा त्याला विरोध नाही, पण सरांना विचारून काढा आणि काढलेला फोटो त्याच दिवशी टॅबच्या त्या पानावर चिकटवून त्याच्यावर लिहा, नाहीतर गॅलरीत मावसबहिणीच्या साखरपुड्याच्या फोटोंच्या मधे फंक्शनल ॲनालिसिस पडून राहतं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कुठला फोटो कुठल्या तासाचा ते कळत नाही. लेक्चर रेकॉर्ड करून ॲपकडून सारांश काढून घेणारेही आता झालेत. आमच्याकडे लेक्चर इंग्रजीत सुरू होतं, मधे मराठी, बाहेरून आलेल्या मुलांसाठी हिंदी, आणि अर्धं बोलणं फळ्याकडे बोट दाखवून, हे जे आहे ना ते तिकडे गेलं, असं. त्या ॲपला बोट दिसत नाही. आणि सारांश काढणं हेच तर आपलं काम आहे, ते दुसऱ्याला देऊन आपण वर्गात बसायचं कशाला?

संध्याकाळी मी काय करते ते सांगते. टॅबवरचं त्या दिवसाचं पान उघडते, डावीकडच्या समासात लाल प्रश्नांची उत्तरं शोधून लिहिते, नाही मिळाली तर प्रश्न तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी सरांना गाठते. मग टॅब बंद. लॅपटॉप उघडते आणि त्या दिवसाची मुख्य प्रूफ, एकच, काहीही न बघता लेटेकमध्ये लिहायला घेते. इथे लेटेकचा संथपणा उपयोगी पडतो. प्रत्येक चिन्ह टाईप करावं लागतं म्हणून प्रत्येक चिन्हाचा विचार होतो, हा एप्सिलॉन कुठून आला, हा एन कशावर अवलंबून आहे, हाताने लिहिताना आपण जे वगैरे वगैरे करून पुढे जातो ते छापल्यावर लगेच डोळ्यांना टोचतं. अडकले की टॅब उघडून फक्त तेवढी ओळ बघायची आणि परत बंद. सेमिस्टरच्या शेवटी जी फाईल तयार होते ती माझ्या भाषेत लिहिलेली असते, तिच्यात हवं ते शोधता येतं, आणि पीएचडीत याचा फायदा किती होतो हे मी आता बघतेय, प्रबंध आणि पेपर लेटेकमध्येच लिहायचे असतात, त्यामुळे हात आधीच बसलेला असतो. ज्यांना लेटेक नको त्यांनी साध्या फुलस्केपवर करा, फक्त न बघता करा.

हे सगळं गणिताचं झालं. माझी रूममेट इतिहासात एमए करत होती आणि तिचं गणित अगदी वेगळं. तिच्या वर्गात चर्चा असते, फळ्यावर तीन शब्द आणि एक साल, बाकी सगळं बोलणं. तिथे लॅपटॉप चालतो असं मी प्रामाणिकपणे म्हणेन, पण तिला दुसरीच अडचण होती, ती मराठीतून शिकत होती आणि देवनागरी टाईप करायचा वेग. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणारी जी साधनं आहेत त्यात चर्चेच्या वेगाने लिहिताना भलतेच शब्द येतात, ते दुरुस्त करेपर्यंत वक्ता पेशवाईतून थेट कंपनी सरकारात. तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची कीबोर्ड मांडणी, शिकून घेतलं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, विंडोजमध्ये आधीपासूनच असतं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. पहिले काही आठवडे चीड येते असं ती म्हणायची, पण नंतर तिचा मराठीचा वेग इंग्रजीइतकाच झाला आणि जोडाक्षरं अडेनाशी झाली. मराठी माध्यमातून पीजी करणाऱ्या कुणालाही मी हे आवर्जून सांगते, टॅब घेण्याआधी हे शिका, हे फुकट आहे आणि प्रबंध लिहीपर्यंत पुरेल. फक्त युनिकोडमध्येच (अक्षरं सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी पद्धत) लिहा, जुन्या फाँटमधली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती गिचमीड दिसते.

टॅब तिलाही हवा होता, पण वाचायला. दर आठवड्याला चाळीस-पन्नास पानांचे लेख पीडीएफमध्ये यायचे, ते लॅपटॉपवर वाचून डोळे दुखायचे आणि झेरॉक्स काढायचे तर महिन्याचा खर्च चांगलाच व्हायचा. सेमिनारच्या विषयांत टॅबची खरी किंमत तिथे वसूल होते, लेखाच्या समासात पेनाने भांडायचं आणि वर्गात तेच पान समोर ठेवून बोलायचं.

पैशाचं बोलायलाच हवं. पेनासकट बरा टॅब घ्यायचा तर २५-३० हजार सहज लागतात. नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळालेल्याला जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात, त्याला हे जमेल. एमएस्सीच्या मुलाला असं काहीच नसतं, त्याच्या घरी तीस हजार म्हणजे कुणाच्या तरी दोन-तीन महिन्यांच्या पगाराची गोष्ट असू शकते. माझ्या ट्युटोरियलला अशी मुलं आहेत जी सकाळी क्लासमध्ये शिकवून दुपारी लेक्चरला येतात. त्यांच्यासाठी मी अगदी मनापासून सांगते, टॅब नसल्याने तुमचं काहीही अडत नाही. दोनशे पानी लाँगबुक, एका बाजूलाच लिहायचं, समोरचं डावं पान संध्याकाळसाठी कोरं. आठवड्याच्या शेवटी मोबाईलवरच्या फुकट स्कॅनरने पानांची पीडीएफ करायची, फाईलच्या नावात विषय आणि तारीख घालायची, आणि ड्राइव्हवर चढवायची. पावसात पीएमटीच्या बसमधून येताना वही भिजली तरी नोट्स राहतात. लॅपटॉपवर पेनाने लिहायला झूर्नल प्लस प्लस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ती यूएसबीची पाटी जोडली की त्यात छान लिहिता येतं, आणि अशी पाटी टॅबच्या मानाने फारच स्वस्त पडते. घरी अभ्यासाला चांगली आहे, वर्गात मात्र त्या हाताला फळी असलेल्या खुर्च्यांवर लॅपटॉप आणि पाटी दोन्ही मावत नाहीत. (डावखुऱ्यांसाठी तर त्या खुर्च्या म्हणजे छळच आहे, प्रत्येक वर्गात दोन-चार डाव्या हाताच्या ठेवायला काय हरकत आहे?)

कुणी टॅब घेऊन दिला नाही म्हणून मागे पडलो असं वाटून घेणारी मुलं मी बघितली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे इतकं लांबवून लिहिलं.

आता शिक्षकांशी दोन शब्द, कारण ट्युटोरियल घेताना मीही त्याच बाजूला उभी असते. वर्गात स्क्रीनवर सरसकट बंदी घालावी का? बंदी मागणाऱ्यांकडे पुरावे आहेत हे मान्य. कॅनडातला २०१३ चा अभ्यास आहे, वर्गात लॅपटॉपवर भलतंच काही करणाऱ्यांचे मार्क तर कमी आलेच, पण ज्यांना त्यांचे स्क्रीन दिसत होते, जे बिचारे कागदावर लिहीत होते, त्यांचे १७ टक्क्यांनी कमी आले. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या वर्गांवर प्रयोग झाला, २०१७ ला छापून आला, तिथे तर टॅब टेबलावर सपाट ठेवायची अट होती त्या वर्गांतही मार्क कमी दिसले. हे टॅबची बाजू घेणाऱ्या मला गिळायला जड जातं, पण आहे ते आहे, टॅबवरही नोटिफिकेशन येतात, टॅबवरही क्रिकेटचा स्कोअर दिसतो. वर्गात असताना टॅबचं वायफाय बंद ठेवायचं, नोट्सला नेट लागत नाही, संध्याकाळी लावलं की सगळं आपोआप वर चढतं. माझा स्वतःचा हा नियम आहे आणि मी ट्युटोरियलच्या मुलांनाही तो घालून दिलाय.

तरी बंदी नको. आमच्या वर्गात एका मुलाला फळा नीट दिसत नाही, तो फोटो काढून टॅबवर मोठा करून बघतो. एकीच्या हाताचं ऑपरेशन झालेलं, तिला टाईप करणं सोपं जातं. बंदी घालून या दोघांना तेवढी सूट दिली की सगळ्या वर्गाला त्यांचं दुखणं कळलं, ते त्यांना नको असतं. मी साधी व्यवस्था केलीय, उभ्या स्क्रीनवाले लॅपटॉप शेवटच्या दोन ओळींत, म्हणजे त्यांच्या मागे कुणी नाही आणि कुणाच्या डोळ्यांत स्क्रीन नाही. टॅब कुठेही, पण सपाट. पुढच्या तीन बाकांवर फक्त कागद किंवा सपाट टॅब. कुणाला कारण विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, आता आपापल्या जागी जाऊन बसतात.

ग्रुपवर पीडीएफ टाकण्याबद्दलही सांगते. पूर्वी हुशार मुलीची वही झेरॉक्सच्या दुकानात जायची आणि तिथून वर्गभर, आता लेक्चर संपायच्या आत पीडीएफ येते. आजारी असलेल्याला, नोकरी करून शिकणाऱ्याला हा फार मोठा आधार आहे, तो बंद करू नका. पण पीडीएफ रात्री नऊनंतर टाका असा नियम आमच्या बॅचने केला होता. तोवर ज्याने त्याने आपापलं लिहिलेलं असतं आणि मग दुसऱ्याची पानं बघितली की आपलं काय सुटलं ते कळतं, दोघांच्या नोट्समधल्या फरकातून खूप वेळा असा मुद्दा सापडतो जो एकट्याला कुणालाच नीट कळलेला नसतो.

शेवटचं परीक्षेचं. सीएसआयआर-नेट, म्हणजे विज्ञान विषयांची नेट, आता कॉम्प्युटरवर असते, तिथे उत्तर माऊसने टिक करायचं पण कच्चं काम कागदावरच. आणि युनिव्हर्सिटीची एंड-सेम (सेमिस्टरच्या शेवटची परीक्षा) अजूनही सबंध पेपर हाताने लिहायची. टॅबवर लिहायची सवय लागलेल्यांचा हात शेवटच्या तासात भरून येतो, शिवाय टॅबवर खोडायला काही लागत नाही, मधे जागा हवी असेल तर सगळं खाली सरकवता येतं, कागदावर तसं चालत नाही, उत्तर सुरू करण्याआधी ते कसं जाणार हे डोक्यात लागतं. म्हणून परीक्षेच्या महिनाभर आधी माझ्या ट्युटोरियलला टॅब बंद होतात. फुलस्केप, जेल पेन, मागच्या वर्षीचा पेपर, घड्याळ लावून. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून पुढे जायचं. पहिल्या वेळी निम्म्या मुलांचा पेपर पूर्ण होत नाही, म्हणून ही प्रॅक्टिस दर शनिवारी असते, आणि पेपर तपासून मी सोमवारी परत देते.